‘मग ह्यांना गती कशी मिळायची?’ – नास्तिक वडील, भाविक आई आणि देहदानाचा अर्ज

नारायणपेठी

वडील देव मानत नाहीत, आई मानते. पन्नास वर्षं यामुळे कुणाचं काही अडलं नाही. आता वडिलांनी देहदानाचा अर्ज आणलाय आणि सोबत एका कागदावर लिहून ठेवलंय: दहावं-तेरावं नको, पिंड नको, पक्ष नको. अर्जावर आईची सही हवी आहे आणि ती करत नाही. तिचा मुद्दा एकच, ‘मग ह्यांना गती कशी मिळायची?’ वडील म्हणतात, आयुष्यभर सरळ वागलो, तेवढं पुरे. त्यावर ती विचारते, देवच नाही तर सरळ-वाकडं ठरवलं कुणी? इथे चहा गार होतो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. देव न मानणाऱ्याला मोक्ष नाही, असं आपल्याकडे खरंच कुठे म्हटलंय का? देव वगळून नीती उभी राहते का? आणि देहदान करायचं तर प्रत्यक्षात काय काय करावं लागतं, कुठे अडतं, आणि आईच्या मनासारखं काही त्यात बसवता येतं का? ‘ज्याची त्याची श्रद्धा’ हे उत्तर कृपया नको. ते घरीच मिळतं.

पोथीवाचक

आधी एक गाठ सोडवू. तुमच्या आई ‘गती’ म्हणतायत आणि तुम्ही ‘मोक्ष’ लिहिलंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तेरा दिवसांच्या कर्माचा संबंध फक्त पहिलीशी आहे.

माणूस गेला की लगेच पितर होत नाही, मधल्या अवस्थेत तो ‘प्रेत’ असतो, ही त्यामागची कल्पना. पहिल्या दहा दिवसांच्या पिंडांनी त्याला पुढच्या वाटेसाठी शरीर मिळतं. गरुडपुराणाच्या हिशोबात पहिल्या पिंडाने डोकं, मग एकेक अवयव, आणि दहाव्याने भूक-तहान. हल्ली पुण्यात दहाही पिंड दहाव्या दिवशीच ओंकारेश्वराच्या घाटावर एकदम देतात. अकराव्याला एकोद्दिष्ट (एकट्या गेलेल्याच्या नावाचं श्राद्ध) आणि बाराव्याला सपिंडीकरण. खरं काम इथे होतं. चार पात्रं मांडतात: एक गेलेल्याचं, तीन त्याच्या बाप-आजा-पणज्याची. पहिल्यातलं पाणी उरलेल्या तिन्हींत ओततात. मग गेलेल्याच्या नावाचा लांबट पिंड दर्भाने कापून त्याचे तीन भाग करतात आणि एकेक भाग त्या तिघांच्या गोल पिंडांत मिसळून मळतात. मळून झाल्यावर कुठला भात कुणाचा हे सांगता येत नाही. तेव्हापासून तो प्रेत नव्हे, पितर. याला गती म्हणायचं. तो पितर झाला की वरचा खापरपणजा पिंडाच्या रांगेतून बाहेर पडतो, त्याच्या वाट्याला हाताला चिकटलेला लेप तेवढा उरतो. इतका रोकडा हिशोब आहे हा.

यात मोक्ष कुठे आला? कुठेच नाही. पितर झालेला पुन्हा जन्माला येऊ शकतो. उलट ज्याला मोक्षाच्या सगळ्यात जवळ मानलं, त्या संन्याशाला यातलं जवळजवळ काहीच नाही. दहन नाही, दहा दिवसांचे पिंड नाहीत, सुतक नाही, सपिंडीकरणही नाही. अकराव्याला पार्वण (तीन पिढ्यांचं श्राद्ध), बाराव्याला नारायणबली, संपलं. पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड भांडारकर संस्थेत बसून चाळा, सगळं तपशिलात आहे. तेव्हा ‘दिवस केले नाहीत म्हणून मोक्ष गेला’ हे वाक्य परंपरेच्या आतूनही चुकीचं आहे. ‘दिवस केले नाहीत म्हणून गती अडली’ एवढंच फार तर म्हणता येईल.

आता नास्तिक. मनुस्मृतीत (२.११) ‘नास्तिको वेदनिन्दकः’ आहे, म्हणजे वेदाची निंदा करणारा. पाणिनीच्या सूत्रावर (४.४.६०) टीकाकार परलोक मानणं-न मानणं असा अर्थ करतात. दोन्हीकडे देवाचा प्रश्न नाही. मीमांसक घ्या. यज्ञ आणि श्राद्धं ज्यांच्या नियमांनी चालतात ते हे लोक, आणि त्यांना जगाचा कर्ता ईश्वर लागत नाही. कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात सृष्टिकर्त्याच्या कल्पनेची चांगलीच उलटतपासणी घेतली आहे. सांख्यांची तत्त्वं २५, त्यात ईश्वर नाही. योगात तो सव्विसावा येतो, तोही ‘ईश्वरप्रणिधानाद्वा’ (किंवा ईश्वराला शरण जाऊन) म्हणून. शेवटचं ‘वा’ म्हणजे ‘किंवा’. जैनांना मोक्ष आहे, तीर्थंकर २४ आहेत, जग निर्माण करणारा कुणी नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: देव न मानल्याने मोक्षाचं दार बंद, असं सरसकट नाही. वडील परलोकच नाकारत असतील तर मात्र ते यातल्या प्रत्येकाच्या यादीतून बाहेर पडतात. त्यांची हरकत नसावी.

कृष्णाकाठचा

सरसकट बंद नाही हे बरोबर, पण सरसकट उघडंही नाही. मध्वाचार्यांच्या मते जीव मुळातच तीन जातीचे: मुक्तियोग्य, नित्यसंसारी आणि तमोयोग्य. तिसऱ्यांना कधीच मोक्ष नाही. आपल्याकडे ‘सगळे मार्ग एकाच शिखराला जातात’ हे इतक्या सवयीने म्हणतात की असाही पंथ इथेच आहे आणि पुण्यात त्याचे अनुयायी नांदतायत, याचा विसर पडतो.

तर्कट

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आईंचा प्रश्न चांगला आहे, तो हसण्यावारी नेऊ नका. त्याला प्लेटोने दिलेला उलट प्रश्न असा: देवाला आवडतं म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवाला आवडतं? पहिलं म्हणाल तर उद्या त्याला चोरी आवडली की चोरी चांगली. दुसरं म्हणाल तर चांगलं काय हे त्याच्याही आधी ठरलेलं. आस्तिकांचं त्यातल्या त्यात पक्कं उत्तर असं की चांगुलपणा हा देवाचा स्वभावच आहे, त्याला हुकूम काढावा लागत नाही. याने पेच ढिला होतो. सुटला असं मला वाटत नाही, कारण तो स्वभाव चांगला हे आपण कुठल्या मापाने म्हणतो ते राहतंच.

आणखी एक. आपल्या दर्शनांत देव बहुतेक वेळा कायदे करणारा नसतो, पगार वाटणारा असतो. न्यायदर्शनात तो लागतो कशाला? तर कर्म जड आहे, ते आपण होऊन फळ कसं देणार, कुणीतरी हिशोब ठेवून वाटायला हवा. मीमांसकांनी तेच काम ‘अपूर्व’ नावाच्या अदृश्य शक्तीकडे दिलं आणि वाटप करणाऱ्याची जागाच रद्द केली. दोघांच्याही मते वेद आज्ञा करतो आणि ती पाळायची. म्हणजे ‘देव नाही तर नियम नाही’ हा युक्तिवाद मीमांसकांचा तरी नव्हेच.

आता वडिलांकडे वळू, कारण त्यांची बाजूही मला लंगडी वाटते. ‘सरळ वागलो’ हे ठरवलं कुणी? पेपर आपणच काढायचा, आपणच तपासायचा, आणि वर पहिला नंबर. देव काढून टाकला तर तपासनीस दुसरा कुणीतरी नेमावा लागतो, आणि तो म्हणजे आपल्या वागण्याचा ज्याला त्रास होऊ शकतो तो माणूस. ‘आत्मनः प्रतिकूलानि परेषां न समाचरेत्’ (आपल्याला जे नकोसं ते दुसऱ्याशी करू नये) ही कसोटी सोपी वाटते, पण वापरताना हमखास एका जागी घसरते: मला जे खटकत नाही ते समोरच्यालाही खटकू नये, असं आपण धरून चालतो. वडिलांना पिंडाचं काही वाटत नाही, म्हणून आईलाही वाटू नये, हे त्याच घसरणीचं उदाहरण.

देव मानणं आणि नीती यांची फारकत पाहायची असेल तर एकोणिसाव्या शतकातलं पुणं बघा. रानडे प्रार्थना समाजाचे, एक ईश्वर मानणारे. फुले निर्मिक (जगाचा निर्माता) मानणारे, पुरोहित नाकारणारे. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ चा. आगरकर अज्ञेयवादी, १८८८ पासून ‘सुधारक’ चालवणारे. देवाबद्दल तिघांची तीन मतं, पण विधवांच्या केशवपनाबद्दल तिघेही एका बाजूला. आणि रानड्यांइतकेच आस्तिक असलेले टिळक १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध करत होते. कोण कुठे उभा राहील हे त्याच्या देवघरावरून सांगता आलं नसतं.

टाळकरी

पोथीवाचकांनी शास्त्र बरोबर मांडलं, पण हरिपाठ म्हणणाऱ्या बाईला सपिंडीकरण समजावून काय होणार? तिच्याच पाठातलं तिला दाखवा. पहिल्याच अभंगात आहे: ‘देवाचिये द्वारी उभा क्षणभरी, तेणे मुक्ति चारी साधियेल्या’. चारी म्हणजे सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता. देवाच्या लोकी राहणं, जवळ राहणं, त्याच्यासारखं रूप मिळणं, त्याच्यात मिळून जाणं. दासबोधात चौथ्या दशकाचा दहावा समास याच चार मुक्तींवर आहे आणि समर्थ तिथे पहिल्या तिन्ही नाशवंत ठरवतात. पण माउली म्हणतात ते क्षणभर उभं राहिल्याने. दहा दिवसांचं नाव नाही, भटजींचं नाही, दर्भाचं नाही.

तुकोबा त्याच्याही पुढे. ‘नाही देवापाशी मोक्षाचे गाठोळे, आणूनि निराळे द्यावे हाती.’ मोक्ष ही देवाने गाठोडं सोडून हातावर ठेवायची वस्तूच नाही, इंद्रियं जिंकून मन निर्विषय करणं हेच तिथलं कारण, असं ते पुढे सांगतात. शिवाय ‘न लगे मुक्ती’ म्हणून खुशाल गर्भवास मागतात. मोक्ष नको म्हणणारा भक्त आणि मोक्ष नाहीच म्हणणारा नास्तिक यांत अंतर मोठं आहे, पण मोक्षाची हाव दोघांनाही नाही, एवढं तरी आईंना पटावं.

तर्कटांशी मात्र माझं जुळत नाही. ‘चांगलं वागलो ते पुरे’ यातली गोम मापाची नाही, ‘मी’ची आहे. त्याच पहिल्या अभंगात ‘पुण्याची गणना कोण करी’ असंही आहे. वारकऱ्याला पुण्य मोजायचंच नसतं. अजामिळाची कथा (भागवताचा सहावा स्कंध) याचसाठी आहे. सगळा जन्म वाया घालवलेला माणूस मरताना मुलाला ‘नारायणा’ अशी हाक मारतो आणि सुटतो. नीतीवाल्यांना ती कथा झोंबते. झोंबावी म्हणूनच ती सांगितली आहे.

तर्कट

झोंबते, कारण अजामिळाने ज्यांना लुबाडलं त्यांचं काय झालं हे कथेत कुणी विचारत नाही.

टाळकरी

पुढे वाचा. यमदूतांच्या हातून सुटल्यावर तो थेट वैकुंठाला जात नाही. यमदूत-विष्णुदूतांचा वाद ऐकून त्याला पश्चात्ताप होतो, घर सोडून तो गंगाद्वारी जातो, साधना करतो, मग जातो. कीर्तनात वेळ कमी असला की हा भाग गाळतात.

गुरुवारपेठ

ख्रिस्ती बाजूने थोडं, कारण हा वाद आमच्याकडे सोळाव्या शतकात चर्च दुभंगेपर्यंत गेला. मराठी बायबलात मोक्षाऐवजी ‘तारण’ हा शब्द आहे. बँकेत दागिना ठेवतात ते तारण वेगळं, इथे अर्थ सुटका. इफिसकरांस पत्रात (२:८-९) पौल म्हणतो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे. याकोबाच्या पत्रात (२:२६) कर्माविना विश्वास निर्जीव. प्रॉटेस्टंटांनी पहिल्यावर भर दिला, कॅथलिकांनी दोन्ही धरून ठेवले. ३१ ऑक्टोबर १९९९ ला लुथेरन आणि कॅथलिक यांनी संयुक्त जाहीरनामा करून बराचसा वाद मिटवला: तारण कृपेनेच, सत्कर्म ही त्याची फळं.

वैष्णवांतही हीच फाळणी आहे. रामानुजांच्या परंपरेत एक पक्ष मर्कटन्यायाचा: माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, तसे जिवाचे प्रयत्न हवेत. दुसरा मार्जारन्यायाचा: मांजर पिल्लाला मानगुटीला धरून नेते, पिल्लाने काही करायचं नसतं.

आणि न मानणाऱ्यांचं? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना देवाची स्पष्ट ओळख झालेली नाही, पण जे सदाचाराने जगायची धडपड करतात, त्यांनाही त्याची मदत नाकारली जात नाही. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या हे मानत नाहीत. तुमच्या आईंचा खरा प्रश्न, जिवंत माणसाच्या कृतीने मेलेल्याचं काही भलं होतं का, त्यावरही दोन तट आहेत. कॅथलिक २ नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा करतात, कबरीवर मेणबत्त्या लावतात. प्रॉटेस्टंट दफनाच्या वेळी प्रार्थना करतात ती मागे राहिलेल्यांसाठी.

धम्मवाट

बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली सहावी: श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. तरी आमच्याकडे माणूस गेल्यावर घर रिकाम्या हाताने बसत नाही. त्रिसरण-पंचशील, मग पुण्यानुमोदन: त्याच्या नावाने दान करायचं आणि त्याच्या चांगल्या कर्माला अनुमोदन द्यायचं. आत्मा मानलेला नाही, तेव्हा कुणाला कुठे पोचवायचं नसतं. विधी हवा पण परलोक नको, असं जमू शकतं याचा हा चालता नमुना आहे. सत्यशोधक पद्धतीतही पुरोहिताशिवायचा अंत्यविधी आहेच.

नवीपेठ

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

अर्ज म्हणजे फक्त इच्छा. प्रत्यक्षात देह ताब्यात असलेले नातेवाईक देतात तेव्हाच देहदान होतं, आणि जवळच्या एकाने जरी हरकत घेतली तरी कॉलेज देह घेत नाही. आईंची सही म्हणून नुसती औपचारिक नाही. त्या मनातून तयार नसतील तर त्या दिवशी काहीही होणार नाही, आणि होऊही नये. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचा शरीररचनाशास्त्र विभाग आहे, इतर वैद्यकीय महाविद्यालयंही आहेत. दोन ठिकाणचे नंबर लिहून ठेवा, कारण रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी एकीकडे उचलत नाहीत.

घाई कशासाठी ते कळलं की पुढचं सोपं जातं. देह टिकवण्यासाठी मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून फॉर्मॅलिनचं द्रावण आत सोडतात, साधारण आठ-दहा लिटर. रक्त गोठून कुजायला लागलं की ते द्रावण सगळीकडे पोचत नाही आणि देह अभ्यासाच्या कामाचा राहत नाही. म्हणून सहा तासांच्या आत पोचेल असं बघा. ‘मुलगी बेंगळुरूहून निघालीये’ हे देहदान फसण्याचं नेहमीचं कारण आहे. शीतपेटीने थोडा वेळ मिळतो, दिवसभर नव्हे.

देह नाकारतात तो अशा वेळी: शवविच्छेदन झालेलं असेल, एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, क्षय असा संसर्ग असेल, देह भाजलेला किंवा कुजायला लागलेला असेल. अवयवदान केलं तर बहुधा देहदान होत नाही. नेत्रदान मात्र दोन्हीसोबत चालतं.

सर्वांत जास्त वेळा गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. माणूस घरी, झोपेत गेला आणि अलीकडे कुठल्या डॉक्टरने तपासलेलं नाही. मृत्यूचं कारण लिहायला कुणी धजत नाही, ते कारण लिहिलेला नमुना ४ अ मिळत नाही, मग पोलीस, मग शवविच्छेदन, आणि दान तिथेच संपलं. उपाय कंटाळवाणा आहे: या वयात दर दोन-तीन महिन्यांनी एकाच फॅमिली डॉक्टरला दाखवत राहायचं आणि त्यांना देहदानाचं सांगून ठेवायचं.

नेत्रदानाचं थोडक्यात: सहा तासांची मुदत. पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी घेऊन सहा इंच उंच, पंखा बंद. बुबुळ सुकायला नको म्हणून पंखा बंद करायचा, आणि नेमकं तेच गर्दीत कुणीतरी विसरतं. पेढीची माणसं घरी येतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं.

कॉलेजकडून देह मिळाल्याची पावती घ्या. दहन झालेलं नसतं, त्यामुळे २१ दिवसांत मृत्यूची नोंद करताना ती लागते. देह परत मिळत नाही, अस्थी मिळत नाहीत. हे आईंना आत्ताच सांगा, त्या दिवशी नको.

आणि पर्यायी बेत लिहूनच ठेवा. देह नाकारला तर काय? बहुतेक कागदांवर हे नसतं, आणि मग जो नातेवाईक मोठ्याने बोलतो त्याचं चालतं. ‘नाकारल्यास वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनी, मंत्र नकोत’ एवढी एक ओळ पुरते. पेसमेकर असेल तर दहनाआधी काढून घ्यावा लागतो, आत बॅटरी फुटते.

तुळशीपत्र, गंगाजलाचे दोन थेंब, औक्षण, फुलं, हरिपाठ यांतलं काहीही वैद्यकीय बाजूने आड येत नाही. द्रावण धमनीतून जातं, तोंडातून नाही.

नारायणपेठी

सगळ्यांचे आभार. नवीपेठ यांचा प्रतिसाद छापून घेतला. गती आणि मोक्ष वेगळे हे आईला वाचून दाखवलं. संन्याशाला पिंड नसतात हे ऐकून ती म्हणाली, ‘हे कुठले संन्यासी, रोज दोनदा चहा लागतो.’ पण ऐकलं. आता तिची शंका अशी: अस्थी नाहीत, दहन नाही, मग दहावा कशाचा करायचा? आणि कावळा शिवला नाही तर?

पोथीवाचक

देह हाती नसेल तर काय करायचं याची सोय फार जुनी आहे, कारण प्रवासात, युद्धात, पुरात माणसं जायचीच. पालाशविधी म्हणतात. पळसाच्या ३६० काड्यांची मनुष्याकृती करायची, कुठल्या अवयवाला किती काड्या तेही ठरलेलं, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्या आकृतीचं दहन. पळस मिळाला नाही तर दर्भ. पुढे सगळं नेहमीसारखं. देहदान करणाऱ्यांसाठी हाच मार्ग सांगतात.

काकस्पर्शाचं: थोडा वेळ वाट पाहतात, मागे राहिलेली इच्छा आठवून ‘ते आम्ही करू’ असं बोलतात, तरीही शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात. शास्त्र इतकं अडवणूक करणारं नाही जितकं घाटावर वाटतं. विधी लहान आणि अर्थ समजेल असा हवा असेल तर ज्ञानप्रबोधिनीची पद्धत आहे, पोथीत मराठी अर्थ दिलेला असतो आणि पौरोहित्याला स्त्रियाही येतात.

तर्कट

थांबा. वडिलांनी स्वच्छ लिहिलंय, पिंड नको. त्यांच्या नावाने ३६० काड्या जाळल्या तर तो कागद कशासाठी? गेलेला माणूस उठून हरकत घेणार नाही म्हणून त्याचा शब्द स्वस्त होत नाही. महात्मा फुल्यांनी आपला देह जाळू नये, मिठात पुरावा असं सांगून ठेवलं होतं. १८९० मध्ये पुण्याच्या नगरपालिकेने घराच्या जागेत दफनाला परवानगी नाकारली आणि दहनच करावं लागलं. तिथे निदान नियम आडवा आला. तुमच्याकडे काही आडवं नाही.

पण त्या कागदाचे दोन भाग करा. देहाचं काय करायचं ते वडिलांनी ठरवावं, पूर्ण हक्क त्यांचा. ‘पक्ष नको’ हे मात्र त्यांच्या देहाबद्दल नाही, आईच्या भाद्रपदाबद्दल आहे. त्या महिन्यात तिने कुणाची आठवण काढून कुणाला जेवू घालावं हे ते आत्ताच लिहून कसं ठेवतात? ‘माझ्या नावाने पिंड नको’ एवढं लिहावं आणि थांबावं.

टाळकरी

हे पटलं. अन्नदान आणि नाम तिचं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

एक विचारू का? श्राद्ध या शब्दातच श्रद्धा आहे, आणि ती पाहतात करणाऱ्याची. गेलेला काय मानत होता हे कुणी विचारत नाही. पिंड द्यायचेच झाले तर बसणार तुम्ही. आई काय मानते ते लिहिलंत, वडील काय मानतात ते लिहिलंत. तुमचं काय?

नारायणपेठी

सोयीपुरतं मानतो. पेचात पकडलंत.

वडिलांशी बोललो. ‘पक्ष नको’ खोडायला तयार आहेत, ‘पिंड नको’ राहणार. आई म्हणते, त्या दिवसांत घरी रोज हरिपाठ आणि तेराव्याला पंगत, पण निवडुंग्या विठोबाच्या दारात बसणाऱ्यांसाठी, नातेवाइकांसाठी नाही. वडिलांनी त्यावर फक्त ‘साखर कमी’ एवढंच म्हटलं. सही अजून झालेली नाही, पण अर्ज देवघराशेजारच्या फळीवर आलाय. हा कागद आता इच्छापत्रालाच जोडून ठेवावा का?

नवीपेठ

अजिबात नको. इच्छापत्र सहसा तेराव्यानंतर उघडतात, तुमच्या हातात सहा तास असणार. हा कागद वेगळा करा, एका पानाचा, मोठ्या अक्षरात. वरती दोन कॉलेजांचे, नेत्रपेढीचा आणि डॉक्टरांचा नंबर, त्याखाली दान नाकारलं तर काय ती ओळ, त्याखाली वडिलांची सही, आईंची सही आणि तारीख. तीन प्रती: एक फॅमिली डॉक्टरांकडे, एक तुमचे बहीण-भाऊ असतील तर त्यांच्याकडे, आणि एक फ्रिजच्या दारावर. कपाटात कुलपात ठेवू नका, त्या रात्री किल्ली सापडत नाही.